औषधनिर्माणशास्त्राचा प्रवेश : जागा मिळाल्यानंतरची निवड

वैद्याने लिहून दिलेले औषध रोग्याच्या हाती पडण्यापूर्वी ज्या अखेरच्या जाणकाराच्या नजरेखालून जाते, तो औषधनिर्माता होय. मात्रेतील चूक, दोन औषधांचा परस्परविरोध किंवा मुदत उलटून गेलेली बाटली त्याच्याच टेबलावर थांबू शकते. म्हणूनच १९४८ च्या फार्मसी अधिनियमाने हा व्यवसाय नोंदणीच्या कक्षेत आणला. ज्याचे नाव राज्य परिषदेच्या नोंदवहीत आहे, त्यानेच वैद्याच्या चिठ्ठीवरील औषध द्यावे, असा या अधिनियमाचा दंडक आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयातील प्रवेश ही या नोंदणीची पहिली पायरी होय. ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे प्रवेशाच्या धामधुमीत काय पाहावे आणि काय पाहू नये, याचा उलगडा होऊ लागतो.

पनवेल शहरालगतच्या करंजाडे गावाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि भातशेतीच्या या पट्ट्यात नवी मुंबईची उभारणी सुरू झाली. आज करंजाडे हे सिडकोने विकसित केलेले, दाट वस्तीचे उपनगर असून मूळचे शेतकरी आणि बाहेरून आलेले नोकरदार तेथे शेजारी-शेजारी राहतात. जवळच उभारलेल्या नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. एका बाजूस तळोजा, दुसऱ्या बाजूस पाताळगंगा अशा औद्योगिक वसाहती असून तेथे रसायन व औषध उद्योग चालतात. पनवेल स्थानकातून हार्बर मार्गाने बेलापूर, सानपाडा, चेंबूर अशा ठिकाणच्या फार्मसी महाविद्यालयांत रोज जाऊन-येऊन शिकता येते. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या येथील मुलामुलींना या अभ्यासक्रमाची ओढ वाटावी, हे साहजिक आहे.

प्रश्नाचे बदललेले स्वरूप

या शास्त्राचे पदवी शिक्षण आपल्या देशात प्रा. महादेवलाल श्रॉफ यांच्या प्रयत्नांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात १९३० नंतरच्या दशकात रुजले. मुंबईत कालिना येथील बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी १९५७ साली सुरू झाले. त्या काळी व त्यानंतरही पुष्कळ वर्षे महाविद्यालये मोजकी होती आणि ‘जागा मिळेल काय?’ हाच पालकांचा एकमेव प्रश्न असे.

आता परिस्थिती पालटली आहे. महाविद्यालयांची वाढती संख्या पाहून केंद्रीय परिषदेने, म्हणजे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने, २०१९ मध्ये नव्या पदविका व पदवी महाविद्यालयांवर पाच वर्षांची स्थगिती घातली होती. केवळ ठरावाद्वारे अशी बंदी घालता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२२ रोजी दिला. त्यानंतर नव्या संस्थांचा मार्ग पुन्हा मोकळा झाला. आज राज्यात काही महाविद्यालयांसमोर रांग लागते, तर काहींच्या जागा रिकाम्या राहतात. एकाच विद्यार्थ्याच्या हाती दोन-तीन जागा येण्याचे प्रसंग वाढले आहेत. साहजिकच ‘जागा मिळेल काय?’ या प्रश्नाची जागा ‘कोणती जागा घ्यावी?’ या प्रश्नाने घेतली आहे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर त्याची किंमत दोन ते चार वर्षांनी कळते.

तीन वाटा

बारावीनंतर मुख्यत्वे तीन अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. पहिला पदविकेचा, म्हणजे डी. फार्मचा. तो दोन वर्षांचा असून त्यानंतर ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याचे प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत बारावीच्या गुणांवर होतात आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. केंद्रीय परिषदेने २०२२ मध्ये केलेल्या विनियमांनी पदविकाधारकांसाठी नोंदणीपूर्वी निर्गम परीक्षा ठेवली आहे. तेव्हा ‘दोन वर्षांत काम झाले’ हा हिशेब आता पुरेसा नाही.

दुसरा पदवीचा, म्हणजे बी. फार्मचा. त्याची चार वर्षे आठ सत्रांत विभागलेली असतात. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या जोडीस गणित किंवा जीवशास्त्र घेऊन बारावी झालेल्यांना त्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. या विषयांत खुल्या वर्गासाठी किमान ४५ टक्के आणि राज्यातील मागासवर्गीय उमेदवारांसाठी ४० टक्के गुणांची अट आहे. पदविका पूर्ण करणाऱ्यास पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेता येतो. त्यामुळे ज्याला आरंभी पदवीची जागा मिळाली नाही, त्याची वाट कायमची बंद होत नाही.

तिसरा अभ्यासक्रम फार्म. डी. हा असून तो सहा वर्षांचा आहे. त्यातील शेवटचे वर्ष रुग्णालयातील आंतरवासितेचे असते. रुग्णालयाशी निगडित असलेल्या या अभ्यासक्रमासाठी किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाची जोड आवश्यक मानली जाते.

तिन्ही वाटांच्या अखेरीस मिळणारे काम वेगवेगळे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषध निर्माण अधिकारी होण्यास किंवा औषधाचे दुकान चालविण्यास नोंदणीकृत पदविकाधारक पात्र असतो. औषध निरीक्षकाच्या पदासाठी मात्र पदवी लागते. कारखान्यातील गुणनियंत्रण, संशोधन किंवा एम. फार्म. यांकडे जायचे असल्यासही पदवीचाच मार्ग आहे. घरच्या दुकानासाठी परवाना हवा, की तळोज्याच्या प्रयोगशाळेत काम हवे, हे आधी ठरले तर अर्धी निवड तेथेच होते.

मान्यतेचा कागद

इमारत, संगणक कक्ष व रंगीत माहितीपत्रक यांपेक्षा एक कागद महत्त्वाचा असतो. तो म्हणजे केंद्रीय परिषदेची मान्यता. या क्षेत्रातील शिक्षणाबाबत कोणाचा शब्द अखेरचा, हा वाद वाशीम येथील एका संस्थेच्या प्रकरणासह सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ५ मार्च २०२० च्या निकालाने फार्मसी अधिनियम व त्याखालील केंद्रीय परिषद यांचेच नियम प्रमाण ठरले.

मान्यतेचे दोन टप्पे असतात, ही बाब पालकांना बहुधा ठाऊक नसते. नव्या संस्थेस प्रथम अभ्यासक्रम चालविण्याची मान्यता वर्षावर्षाने मिळते. तेथून उत्तीर्ण होणाऱ्यांची नोंदणी व्हावी यासाठी अधिनियमाच्या कलम १२ खालील मान्यता लागते आणि ती पहिली तुकडी अखेरच्या वर्षापर्यंत पोहोचल्यावर तपासणीनंतर दिली जाते. म्हणजे नव्या महाविद्यालयात प्रवेश घेणारा विद्यार्थी, संस्था पुढेही निकष पाळील, या भरवशावर प्रवेश घेत असतो. नवी संस्था वाईटच असते असे नव्हे. परंतु ज्या संस्थेच्या मागील तुकड्यांची नोंदणी झाली आहे आणि जिची झालेली नाही, त्या दोहोंतील फरक प्रवेशापूर्वी कळलेला बरा. मान्यताप्राप्त संस्थांची व त्यांच्या मंजूर प्रवेशक्षमतेची यादी केंद्रीय परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्या यादीत संस्थेचे नाव, अभ्यासक्रम व चालू शैक्षणिक वर्ष या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. एखाद्या संस्थेच्या पदविकेस मान्यता आहे म्हणून तिच्या पदवीसही ती असेल, असे गृहीत धरता येत नाही.

पसंतीक्रमाचा अर्ज

पदवीची प्रवेश परीक्षा व केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत चालते. नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, तीवरील हरकती, अंतिम यादी आणि त्यानंतर पसंतीक्रमाचा अर्ज, असा तिचा क्रम आहे. पुष्कळ कुटुंबे पसंतीक्रमाचा अर्ज घाईने भरतात आणि जागावाटप झाल्यावर विचार करू लागतात. वस्तुतः निवड त्या अर्जातच झालेली असते.

याचे कारण नियमांत आहे. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप कायम होते आणि पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. इतर पसंतीची जागा मिळाल्यास ती कायम करावी, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘फ्रीझ’ करावी, किंवा ती हाती ठेवून अधिक चांगल्या जागेसाठी पुढील फेरीत उतरावे, असे दोन पर्याय असतात. मात्र पुढील फेरीत वरच्या पसंतीची जागा मिळताच आधीची जागा आपोआप रद्द होते. मग ‘पहिलीच बरी होती’ असे म्हणून परतता येत नाही. म्हणून जेथे खरोखर जायचे नाही त्या महाविद्यालयाचे नाव यादीत मुळीच घालू नये आणि जेथे जायचे आहे ती नावे खऱ्या आवडीच्या क्रमाने लिहावीत. गतवर्षी अमुक ठिकाणी प्रवेश किती गुणांवर थांबला, एवढ्यावरून क्रम बदलण्याचे कारण नाही. वरच्या पसंतीची जागा न मिळाल्यामुळे खालच्या पसंतीवरील हक्क कमी होत नाही. फेऱ्यांची संख्या व बंधने यांत बदल होत असल्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणे अगत्याचे आहे.

जागांचा प्रकार व खर्च

जागा कोणत्या मार्गाने मिळाली, यावर कुटुंबाचा खर्च ठरतो. विनाअनुदानित महाविद्यालयांत २० टक्क्यांपर्यंत जागा संस्था स्तरावर भरल्या जातात. अभिमत विद्यापीठांचे प्रवेश व शुल्क यांची पद्धत वेगळी असते. शासनाच्या शुल्क सवलती मुख्यतः केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काचा शंभर टक्के लाभ मिळतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशास तो लागू नाही. करंजाडेसारख्या गावातील इतर मागास वर्गातील मुलीने घराजवळची म्हणून संस्था स्तरावरील जागा घेतली, तर चार वर्षांचे शुल्क तिच्या वडिलांना भरावे लागेल. प्रक्रियेतून मिळालेली, थोड्या अंतरावरची जागा तिच्यासाठी जवळजवळ निःशुल्क ठरू शकते.

अंतराचाही हिशेब हवा. बी. फार्मसाठी ८० टक्के उपस्थितीची अट असून प्रात्यक्षिके एका वेळी चार-चार तास चालतात. रोज तीन-चार तास प्रवासात घालविणाऱ्या विद्यार्थ्याची दमछाक दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात दिसू लागते. उलट रत्नागिरीच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयासारख्या संस्थेत शुल्क कमी असले, तरी करंजाडेच्या मुलास तेथे राहण्या-जेवण्याचा खर्च येतो. वसतिगृह मिळते काय व निर्वाह भत्त्याची योजना लागू होते काय, हे विचारल्यावाचून दोन जागांची तुलना पुरी होत नाही.

महाविद्यालय प्रत्यक्ष पाहावयास गेल्यावर काय विचारावे, हेही ठरवून जावे. प्रात्यक्षिकांची उपकरणे वापरात आहेत काय, अध्यापक पूर्णवेळ आहेत काय, मागील तुकडीतील किती जण वेळेत उत्तीर्ण झाले आणि प्रशिक्षणासाठी विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात वा कारखान्यात जातात, हे चार प्रश्न पुरेसे आहेत. त्यांची सरळ उत्तरे जेथे मिळतात, ते महाविद्यालय यादीत वर येण्यास हरकत नाही. ‘हजेरीची काळजी करू नका’ असे आश्वासन जेथे मिळते, तेथून परतलेले बरे. हजेरीवाचून मिळालेली पदविका आणि पुढे भाड्याने दिलेले नोंदणी प्रमाणपत्र या एकाच वाटेवरच्या दोन गोष्टी आहेत आणि त्या वाटेवर अखेर रोगीच फसतो.

गावाने करावयाचे साहाय्य

या साऱ्या प्रक्रियेत ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व महसूल कर्मचारी यांचे साहाय्य मोलाचे ठरते. जात वैधता प्रमाणपत्र, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, अधिवास व उत्पन्नाचा दाखला यांपैकी एक कागद वेळेवर नसला, तरी राखीव जागा किंवा शुल्क सवलत हातची जाते. जात पडताळणीस लागणारा अवधी लक्षात घेता तिचा अर्ज अकरावीतच केला जावा. कनिष्ठ महाविद्यालयांनी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांची यादी करून कोणाचा कोणता दाखला बाकी आहे, हे दिवाळीपूर्वी पाहिले, तर जूनमधील तहसील कार्यालयाची गर्दी पुष्कळ कमी होईल. पसंतीक्रमाचा अर्ज भरण्याच्या दिवसांत ग्रामपंचायत कार्यालयात एक संगणक व एक जाणता शिक्षक दोन संध्याकाळ उपलब्ध झाला, तरी अनेक कुटुंबांची दलालांकडील फेरी वाचेल.

वैद्यकीय प्रवेशाच्या आशेने फार्मसीची जागा धरून ठेवणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जागा सोडायची असल्यास ती ठरलेल्या अंतिम तारखेपूर्वी रद्द करावी. तसे केल्यास प्रक्रिया शुल्क वजा जाता रक्कम परत मिळते आणि ती जागा दुसऱ्या गरजू विद्यार्थ्यास उपयोगी पडते. मुदत उलटल्यावर दोन्ही गोष्टी हातच्या जातात.

मान्यता, प्रवेशाचा मार्ग, एकूण खर्च, अंतर आणि पुढे करावयाचे काम या पाच गोष्टी एका कागदावर मांडून प्रत्येक जागेपुढे त्यांची उत्तरे लिहिली, तर बहुतेक घरांत निवड आपोआप स्पष्ट होते. पसंतीक्रमाचा अर्ज भरण्यापूर्वीची एक संध्याकाळ त्यासाठी पुरते.