स्वस्त गोळी, महाग उशीर

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण हल्ली हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे ओळखलं जातं. सांध्यांच्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांना मात्र हे गाव दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे घरोघर जाऊन चौकशी केली. काय दुखतं, कधीपासून दुखतं, कुठलं काम अडतं? ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांनी, म्हणजे शंभरातल्या अठरा जणांनी, काही ना काही दुखणं सांगितलं. बहुतेकांची दुखणी कंबरेची, गुडघ्यांची, मानेची. झिजेची आणि कष्टाची. पण अर्ध्या टक्क्याच्या आसपास माणसांना निघाला तो रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराचीच संरक्षक यंत्रणा सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते तो संधिवात.

या पद्धतीचं नाव 'कॉपकॉर्ड'. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी १९८१ साली ती आखली, आणि ती मुख्यतः गरीब व विकसनशील देशांसाठीच होती. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात ती आधी राबवली गेली. मध्य जावातल्या खेड्यांत रुमॅटॉइडचं प्रमाण ०.२ टक्के निघालं, तिथल्या शहरी वस्तीत ०.३. दिल्लीजवळच्या खेड्यांत डॉ. ए. एन. मालवीय यांच्या पथकाने ४४,५५१ प्रौढ पाहिले आणि १९९३ साली ०.७५ टक्के हा आकडा मांडला. पुढे देशात ठिकठिकाणी झालेल्या कॉपकॉर्ड पाहण्यांत तो ०.३ टक्क्यांच्या जवळपास उतरला. महाराष्ट्रात आठ-नऊ कोटी प्रौढ धरले, तर अडीच ते चार लाख माणसं झाली. त्यांत बायका पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट.

आफ्रिकेचं चित्र आणखी निराळं. डॉ. ब्रायन ग्रीनवुड यांनी १९६८ साली नायजेरियातल्या इबादानच्या रुग्णालयातल्या नोंदी पाहून लिहिलं की असे आजार तिथे फारच कमी दिसतात, आणि मलेरियाच्या परजीवीशी याचा संबंध असावा असा अंदाज केला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या नायजेरियातल्या एका ग्रामीण पाहणीत दोन हजार प्रौढांत एकही रुग्ण सापडला नाही. दक्षिण आफ्रिकेत सत्तरच्या दशकात त्स्वाना खेड्यांत हा आजार विरळा होता; सोवेटो या शहरी वस्तीत मात्र प्रमाण युरोपाइतकंच. गाव सुटलं की आजार वाढतो, एवढं या आकड्यांवरून दिसतं. का वाढतो यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

आपल्याकडे हा आजार सौम्य असतो, अशी एक समजूत डॉक्टरांत बरीच वर्षं होती. त्वचेखालच्या गाठी किंवा रक्तवाहिन्यांचा दाह आपल्या रुग्णांत कमी दिसतो, यावरून ती आली असावी. हात पाहिला की ती टिकत नाही. बोटांच्या मुळाशी सूज इतकी, की मुठीची हाडं वर दिसत नाहीत, त्यांच्यामधल्या खळग्या भरून गेलेल्या. डॉक्टर हस्तांदोलन करावं तसा तळहात आडवा धरून हलकेच दाबतात आणि बाई हात मागे खेचते. तिथेच निम्मं निदान झालेलं असतं. आणखी काही वर्षं गेली की बोटं करंगळीच्या दिशेला कलतात, मनगट खाली बसतं, अंगठी निघत नाही आणि बांगडी चढत नाही.

या आजाराची सगळ्यांत सोपी खूण सकाळची. झोपेतून उठल्यावर बोटं आखडलेली असतात आणि ती मोकळी व्हायला तास, दोन तास जातात. झिजेच्या संधिवातात असं आखडणं दहा-पंधरा मिनिटांत सुटतं आणि काम केल्यावर दुखणं वाढतं; रुमॅटॉइडमध्ये वापराने सांधा मोकळा होतो. "सकाळी कणीक मळवत नाही, दुपारी मळता येते," हे एक वाक्य कित्येक तपासण्यांपेक्षा जास्त सांगून जातं. ते विचारायला मात्र दोन मिनिटं लागतात, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच नसतात.

मग होतं काय? पहिला महिना बाम आणि शेक यांत जातो. नंतर जवळच्या दवाखान्यात 'वाताचं इंजेक्शन'. ते वेदनाशामक असतं, पुष्कळदा स्टेरॉइडही. चार दिवस बरं वाटतं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. मग रक्त. युरिक ॲसिड, आरए फॅक्टर, एएसओ अशा तिन्ही तपासण्या एका दमात लिहून दिल्या जातात. एएसओ वाढलेलं असणं म्हणजे घशाला कधीतरी स्ट्रेप्टोकॉकसची लागण होऊन गेली, एवढंच. पण तो आकडा पाहून चाळिशीतल्या बाईला दर २१ दिवसांनी पेनिसिलीन टोचलं जातं, वर्षानुवर्षं. ते औषध संधिवाताच्या तापाचं, लहान मुलांच्या हृदयाच्या झडपा वाचवणारं. तिथे ते अमृत आहे. इथे निव्वळ वेळ काढणं. आरए फॅक्टरची गंमत उलटी. क्षय, कुष्ठरोग, हेपटायटिस सी यांतही तो पॉझिटिव्ह येतो, धडधाकट म्हाताऱ्यांतही येतो, आणि ज्यांना आजार आहे त्यांच्यात सुरुवातीला कधी निगेटिव्ह असतो. कुष्ठरोगाने सुजलेले हात रुमॅटॉइड समजून उपचार केल्याचे प्रसंग आपल्यासारख्या देशांतच घडू शकतात. अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त भरवशाची, पण तिला हजार-पंधराशे रुपये पडतात आणि तालुक्याच्या गावी नमुना पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो.

या वाटेवर कुठेतरी ती पुडी येते. कुणीतरी सांगतं, अमक्या गावचा माणूस जडीबुटीची पावडर देतो, तीन दिवसांत माणूस पळायला लागतो. खरंच पळायला लागतो. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं तपासण्यांत पुन्हा पुन्हा निघालं आहे. चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. आणि पुडी एकाएकी बंद केली तर शरीराला स्वतःचं स्टेरॉइड बनवण्याची सवयच राहिलेली नसल्याने माणूस कोसळतो. स्टेरॉइड वाईट नव्हे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या संधिवाताच्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं, ती काही दिवसांत चालू लागली, आणि १९५० साली त्यांना आणखी दोघांसह नोबेल मिळालं. कमी मात्रेत, ठरावीक मुदतीपुरतं ते आजही वापरतात. पुडीचा गुन्हा असा, की आत काय आहे ते घेणाऱ्याला सांगितलेलं नसतं, आणि तिने दुखणं झाकलं तरी सांधा आत झिजतच राहतो.

या आजारावरचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. त्याचा आपल्याशी संबंध आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. आंध्रातल्या भीमावरमला १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. फॉलिक ॲसिडच्या विरोधात काम करणारी औषधं त्यांच्या पथकाने बनवली. त्यांतलं अमिनॉप्टेरिन सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ साली रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिलं, आणि १९५१ साली त्याचाच उपयोग संधिवात व सोरायसिसवर झाल्याचं प्रसिद्ध झालं. मेथोट्रेक्सेट त्याचंच धाकटं भावंड. कर्करोगाचं औषध सांध्याला कसं द्यायचं, या धास्तीत तीन दशकं गेली. अमेरिकेत संधिवातासाठी त्याला अधिकृत मान्यता मिळाली १९८८ साली.

आज भारतात या औषधाचा आठवड्याचा खर्च शंभर रुपयांच्या आत बसतो. कर्करोगात लागते त्याच्या अगदी अल्प मात्रेत, आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. 'एकदाच' या शब्दावर माणसाचा जीव असतो. सोबत फॉलिक ॲसिड दिलेलं असतं, ते इतर दिवशी घ्यायचं. दोन्ही गोळ्या बहुधा पिवळ्या, लहान. चिठ्ठी इंग्रजीत, अक्षर डॉक्टरचं. अदलाबदल होते, मेथोट्रेक्सेट रोज पोटात जातं आणि दोन आठवड्यांत तोंड आतून सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घसरतात, रुग्ण थेट आयसीयूत पोहोचतो. म्हणून जाणते डॉक्टर चिठ्ठीवर मराठीत वार लिहितात, 'फक्त रविवारी', आणि खाली रेघ मारतात. या रेघेला खर्च काहीच नाही.

औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढ्यात मळमळ होते, "ॲलोपॅथी गरम पडते" असं घरचे म्हणतात आणि गोळ्या सुटतात. लग्नाच्या मुलींची गोष्ट आणखी अवघड. आजार सासरी सांगितलेला नसतो, गोळ्या माहेराहून आणलेल्या पर्सच्या तळाशी असतात. आणि गर्भधारणेच्या आधी किमान तीन महिने हे औषध थांबवावं लागतं, हे ज्याला सांगायचं त्या नवऱ्यालाच आजार माहीत नसतो.

परिषदांमध्ये चर्चा मात्र बहुतेक बायॉलॉजिक औषधांची चालते. ती आली १९९२ नंतर. लंडनला मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांनी टीएनएफ हा दाहाचा एक रेणू अडवला की सांधे शांत होतात हे दाखवलं. औषधं खरोखर जबरदस्त आहेत. पण टीएनएफचंच काम क्षयाच्या जंतूला गाठीत कोंडून ठेवण्याचं. टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या ७० जणांना क्षय झाल्याची नोंद २००१ साली प्रसिद्ध झाली. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा ज्या देशात आहे, तिथे ही साधी गोष्ट नाही. इथे आधी छातीचा एक्सरे, मँटू किंवा रक्ताची तपासणी, आणि संशय असेल तर क्षयाच्या प्रतिबंधाच्या गोळ्या, मगच इंजेक्शन. भारतीय कंपन्यांनी या औषधांच्या स्वस्त आवृत्त्या काढल्या. ॲडॅलिमुमॅबची जगातली पहिली आवृत्ती २०१४ साली अहमदाबादच्या झायडसने आणली. तरीही महिन्याला हजारोंचा खर्च बहुतेक घरांना जमत नाही. आणि दरवेळी या औषधांची गरजही नसते. २०१३ साली ३५३ रुग्णांवरच्या चाचणीत मेथोट्रेक्सेटने पुरेसा गुण न आलेल्यांना दोन वाटांनी नेलं: एका गटाला सल्फासॅलेझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या जुन्या गोळ्यांची जोड, दुसऱ्याला एटानर्सेप्ट हे महागडं इंजेक्शन. जुन्या गोळ्या कमी पडल्या नाहीत. आपल्यासारख्या देशासाठी मला ही चाचणी बायॉलॉजिकच्या सगळ्या झगमगाटापेक्षा मोलाची वाटते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या धास्तीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दुकानांतून गायब झालं, तेव्हा ल्युपस आणि संधिवाताच्या बायका पट्टी-पट्टीसाठी वणवण फिरल्या, हेही विसरू नये.

उपचाराचा गुण मोजायचा कशाने? १९८० साली स्टॅनफर्डला तयार झालेली प्रश्नावली जगभर वापरतात. तीत बुटाची नाडी बांधता येते का, मांस कापता येतं का, दुधाचा नवा खोका उघडता येतो का, टबात आंघोळ करता येते का, असे प्रश्न आहेत. इंदापूरच्या बाईला हे विचारून काय कळणार? भारतीय डॉक्टरांनी म्हणून वेगळी प्रश्नावली बनवली: उकिडवं किंवा मांडी घालून बसता येतं का, तीन किलोमीटर चालता येतं का, भाजीबाजार करता येतो का. आणखी एक खाच राहतेच. आजाराची तीव्रता ठरवायला जे २८ सांधे मोजतात, त्यांत पाऊल आणि घोटा नाही. शेतात अनवाणी उभं राहणाऱ्या माणसाच्या दुखण्याचा निम्मा हिशेब तिथेच बाहेर पडतो.

गरीब देशांतल्या परिणामांबद्दल मला सर्वांत अस्वस्थ करणारी माहिती ३२ देशांतल्या आठ हजारांवर रुग्णांच्या एका अभ्यासातली आहे. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. श्रीमंत देशांत सांधे बिघडले की माणूस काम सोडतो. गरीब देशांतले रुग्ण जास्त सूज आणि जास्त अपंगत्व घेऊनही कामावर जात राहतात. काम सुटलं नाही म्हणून आजार सौम्य, असा अर्थ कुणी काढत असेल तर त्याने एकदा ऊसतोडीच्या फडात जाऊन यावं.

आयुर्वेदाचा उल्लेख टाळणं अप्रामाणिक ठरेल. माधवनिदानात आमवाताचं वर्णन आहे आणि आपले बरेच रुग्ण आधी तिकडेच जातात. कोइम्बतूरला ४३ रुग्णांवर झालेली, २०११ साली प्रसिद्ध झालेली चाचणी आयुर्वेद आणि मेथोट्रेक्सेट यांना समोरासमोर ठेवणारी होती. गुण जवळपास सारखा दिसला. ४३ हा आकडा कौल द्यायला फारच लहान आहे. प्रश्न मात्र योग्य पद्धतीने विचारला गेला, आणि तसाच मोठ्या प्रमाणावर पुन्हा विचारायला हवा.

सरकारी विम्याची बाजू त्याहून सरळ आहे. आयुष्मान भारत योजना रुग्णालयात भरती होणाऱ्याचा खर्च उचलते. रुमॅटॉइड हा ओपीडीचा आजार. महिन्या-दोन महिन्यांनी तपासणी, रक्त, आणि घरी गोळ्या. त्याचे पैसे रुग्णाने खिशातून द्यायचे. गुडघा पुरता निकामी झाला की तो बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र योजनेत बसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात तशा मेथोट्रेक्सेटच्या मिळाल्या, आणि तिथल्या डॉक्टरला महिन्याकाठी रक्ताची एक चाचणी पाहण्याचं शिक्षण दिलं, तर हा खर्च शस्त्रक्रियेच्या तुलनेत नगण्य ठरेल.

ते होईल तेव्हा होईल. तोवर घरात कुणाची बोटं सहा आठवड्यांहून जास्त काळ सकाळी तासभर आखडत असतील, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर पुडी आणि इंजेक्शन यांत महिने घालवू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा वैद्यकीय महाविद्यालयात सांध्यांचे तज्ज्ञ शोधा, आधी कुठे काय घेतलं ते न लपवता सांगा, आणि मेथोट्रेक्सेट लिहून दिलं तर निघण्यापूर्वी चिठ्ठीवर वार मराठीत लिहून घ्या.