बिस्किट का सादळले?

पावसाळ्यात बिस्किटांचा पुडा फोडून तसाच उघडा राहिला तर दुसऱ्या दिवशी काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. बिस्किटे सादळतात. मोडताना कट् असा आवाज होत नाही. ती नुसती वाकतात. नेमके हेच आमच्या घरी भर मे महिन्यात घडले, आणि तेही चांगल्या तापलेल्या पातेल्यात!

सुट्टीत आलेल्या भाच्यांनी एक गोड पदार्थ करण्याचा घाट घातला होता. पदार्थ सोपा. सफरचंदाच्या फोडी, त्यांवर साखर आणि दालचिनीची पूड, सर्वांत वर लोण्यात कालवलेला बिस्किटांचा चुरा. आणि हे सारे भाजायचे. इंग्लंड-अमेरिकेत याचे नाना प्रकार करतात. तिकडे घरोघरी ओव्हन असतो. आमच्याकडे तो नाही, म्हणून जाड बुडाच्या पातेल्यात कोरड्या वाळूचा थर दिला, त्यावर जाळी, जाळीवर डबा, आणि पातेल्यावर घट्ट झाकण. पाऊण तासाने झाकण काढले. वास सुरेख सुटला होता, फोडी छान शिजल्या होत्या, पण वरचा चुरा? नुसता लगदा! मुले हिरमुसली. मोठ्या भाचीने मात्र विचारले, “मामा, पाऊण तास भाजूनही बिस्किट ओले कसे?”

प्रश्न बिनतोड होता. आपण त्याचे उत्तर शोधू या.

आधी थोडा हिशेब करा. सफरचंदाच्या वजनात सुमारे ८५ टक्के पाणी असते. आम्ही फोडी घेतल्या अर्धा किलो. म्हणजे डब्यात ४२५ ग्रॅम, चांगले दोन पेले भरून पाणी होते. बिस्किटांचा चुरा होता १०० ग्रॅम, आणि त्यात पाणी जेमतेम तीन-चार ग्रॅम. एवढ्या ओल्या वस्तूवर एवढी कोरडी वस्तू आपण ठेवली होती!

मग कच्चे सफरचंद हातात कोरडे का लागते? कारण ते पाणी लक्षावधी पेशींत कोंडलेले असते. पेशींच्या भिंती एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थामुळे. पेशींच्या मधल्या फटींत हवा असते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. सफरचंदाच्या आकारमानाचा सुमारे पाचवा हिस्सा निव्वळ हवा असते. खात्री करायची असेल तर पाण्याच्या बादलीत एक सफरचंद आणि एक बटाटा सोडून पाहा. उष्णता लागली की पेशींची पटले फाटतात, पेक्टिन सैल होते, हवा निसटते आणि रस बाहेर येतो. भरगच्च वाटणारा फोडींचा ढीग शिजल्यावर खाली बसतो तो यामुळेच.

आता त्या रसाचे काय झाले ते पाहा. त्याची वाफ झाली. वाफ वर गेली, झाकणाला लागली. झाकण त्या मानाने थंड. तेव्हा वाफेचे पुन्हा पाणी झाले आणि टप् टप् करीत चुऱ्यावरच पडले. आम्ही भाजत नव्हतो, तर चक्क उकडत होतो! ओव्हनमध्ये असे होत नाही. तिथली हवा वरूनही तापलेली असते आणि वाफेला बाहेर पडायला फटी असतात.

आपल्या कोकणातल्या आज्यांना ही अडचण ओव्हनवाचून सोडवता येत असे. काकडीचे धोंडस भाजताना त्या पातेल्याखाली विस्तव ठेवीत आणि झाकणावरही निखारे ठेवीत. झाकणच तापले म्हणजे त्यावर वाफेचे पाणी होत नाही. शिवाय वरून येणारी उष्णता पदार्थाच्या माथ्याला लागून तो तांबूस होतो.

तांबूस होण्याचाही पाण्याशी संबंध आहे. जिथे पाणी शिल्लक आहे तिथले तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर चढत नाही. दिलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. खरपूस रंग आणि खमंग वास यांना १४० अंशांच्या आसपासची उष्णता हवी. त्या तापमानाला शर्करा आणि प्रथिनांतील अमिनो आम्ले यांच्यात झपाट्याने विक्रिया घडतात. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या विक्रियांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायार विक्रिया म्हणतात. पावाची कड, भाजलेले शेंगदाणे, पोळीवरचे डाग, सगळी तिचीच करणी. ओला चुरा पाऊण तासच काय, दोन तास ठेवला असता तरी पांढराफटकच राहिला असता.

(चिरून ठेवलेले सफरचंद तपकिरी पडते ती गोष्ट मात्र निराळी. तिथे उष्णता लागत नाही. चिरताना पेशी फुटतात, हवेतील ऑक्सिजन आत शिरतो आणि सफरचंदातीलच एक विकर, म्हणजे एन्झाइम, रंग तयार करते. लिंबाचा रस चोळला की त्या विकराचे काम मंदावते.)

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बसलो. या वेळी पाण्याशी झगडण्याऐवजी त्याला आधीच वाट काढून दिली. अर्धा किलो सफरचंदांच्या पातळ फोडी केल्या, अर्ध्या लिंबाचा रस आणि तीन मोठे चमचे साखर लावून अर्धा तास झाकून ठेवल्या. पाहतो तो भांड्याच्या तळाशी रस साचलेला! परासरणाचा धडा तुम्ही शिकला असालच. साखरेच्या दाट द्रावणाने पेशींतले पाणी बाहेर ओढून घेतले. तो रस ओतून काढला, छोट्या पातेलीत उकळून मधासारखा दाट केला आणि पुन्हा फोडींवर घातला. गोडी आणि चव राहिली, पाणी तेवढे गेले. मग डबा पूर्वीसारखाच वाळूवर ठेवून मंद आचेवर अर्धा तास शिजवला.

चुरा मात्र डब्यात घातलाच नाही. बिस्किटे कारखान्यात एकदा भाजून आलेलीच असतात. त्यांना शिजवायचे काय? कढईत तीन चमचे साजूक तूप घेतले, त्यात अर्धा लहान चमचा दालचिनीची पूड घातली आणि १०० ग्रॅम चुरा अगदी मंद आचेवर परतला. बिस्किटांत साखर असते, ती पटकन करपते. तेव्हा हात थांबवू नका. बदामी रंग आला की उतरवा आणि खायच्या वेळी फोडींवर पसरा.

लोण्याऐवजी तूप का? बाजारच्या लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते. लोणी कढवताना तडतडते ते त्यामुळेच. तुपात ते जवळजवळ नसते. शिवाय तुपाचा पातळ लेप चुऱ्याच्या कणांवर बसला की ओल आत शिरायला वेळ लागतो. दालचिनीही तुपात घातली ती जाणूनबुजून. तिचा वास ज्या सिनॅमाल्डिहाइडमुळे येतो ते पाण्यात फारसे विरघळत नाही, तुपात सहज विरघळते.

दालचिनी घेताना तिच्याकडे नीट पाहा. श्रीलंकेत आणि आपल्या कोकणातही होणाऱ्या खऱ्या दालचिनीची साल कागदासारखी पातळ असते आणि सुरळीत अनेक पदर दिसतात. जाड, टणक, एकपदरी साल असेल तर ती बहुधा कॅसिया, म्हणजे दालचिनीची भावंड. कॅसियात कुमारिन नावाचे द्रव्य बरेच असते. ते फार प्रमाणात रोज पोटात गेल्यास यकृताला अपाय होऊ शकतो. आपल्या अर्ध्या चमच्याने काही बिघडत नाही. पण औषध म्हणून चमचे चमचे पूड खाण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका.

एक सूचना. हा प्रयोग घरातले मोठे माणूस जवळ असतानाच करा. आणि वाळूसाठी कुकर वापरायचा मोह झालाच, तर शिट्टी आणि रबर लावून कोरडा कुकर कधीही तापवू नका.

या वेळी चुरा कुरकुरला. भाचीने थोडा पदार्थ मुद्दाम बशीत राखून ठेवला होता. सकाळी त्यावरचा चुरा पुन्हा सादळलेला होता.

शिक्षकांना वर्गात करून दाखवता येईल असा एक प्रयोग सुचवतो. प्रयोगशाळेतल्या तराजूवर एका बिस्किटाचे वजन करा. घट्ट झाकणाच्या डब्यात एका बाजूला ओल्या कापसाचा बोळा आणि दुसऱ्या बाजूला, त्याला न लागेल असे, ते बिस्किट रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा वजन करा. मग तव्यावर मंद आचेवर सुकवून तिसऱ्यांदा करा. तिन्ही आकडे फळ्यावर मांडा. हे जमले की कापसाच्या जागी पावाचा एक तुकडा ठेवून पाहा. उघड्यावर बिस्किट मऊ पडते, पाव कडक होतो. एकाच डब्यात दोघे रात्रभर राहिले तर कोणाचे वजन वाढेल आणि कोणाचे घटेल? डबा उघडण्यापूर्वी आपले उत्तर वहीत लिहून ठेवा.