कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं?

2025 च्या डिसेंबरातली गोष्ट. चंद्रपूरहून एसटीनं नागपूरला चालले होते. वरोऱ्याला एक बाई आणि तिची पंधरा-सोळा वर्षांची मुलगी चढली. मुलीच्या खांद्याला क्रिकेटची लांबलचक किटबॅग. नागपूरला कसलीशी निवड चाचणी होती म्हणे. बुटीबोरी मागे पडली, जामठ्याचं स्टेडियम दिसायला लागलं, तशी पोरगी खिडकीला नाक लावून बसली. आई मात्र वेगळ्याच विचारात. मला विचारते, "ताई, टीव्हीवर पोरींचा लिलाव दाखवला ना, त्यात एकदा घेतलं का मंग कायमचं असते का वो?"

मी म्हटलं, "नाही. ठेवतात, सोडतात, पुन्हा घेतात."

"मंग एवढा जीव काहून काढाचा?"

मैत्रिणींनो, प्रश्न अगदी रास्त होता. लिलाव म्हटलं की आपल्या भागात बल्लारशाच्या डेपोतला सागवान आठवतो, नाहीतर तेंदूपानांची युनिटं. पोरींचा लिलाव हा शब्द मला अजूनही खटकतो. पण त्यामागचा हिशेब एकदा समजून घेतला, की त्यात आपल्याला ओळखीचं बरंच काही सापडतं.

महिला प्रीमियर लीग 2023 मध्ये सुरू झाली. संघ पाच. त्या पहिल्या लिलावात आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाला बेंगळुरूनं 3 कोटी 40 लाखांना घेतलं आणि घराघरांत चर्चा झाली. सामने होतात जेमतेम महिनाभर. खरी डोकेफोड असते ती सामने नसतानाच्या महिन्यांत. ठेवायचं कोणाला, सोडायचं कोणाला, पैसा किती उरतो, हे सगळं तेव्हा ठरतं. तीन हंगाम झाल्यावर 27 नोव्हेंबर 2025 ला दिल्लीत मोठा लिलाव झाला. त्याआधी प्रत्येक संघाला जास्तीत जास्त पाच जणी राखता येणार होत्या. संपूर्ण संघासाठी मिळून 15 कोटी, त्यात कमीत कमी 15 आणि जास्तीत जास्त 18 खेळाडू बसवायच्या. राखलेल्या पहिलीला साडेतीन कोटी, दुसरीला अडीच, तिसरीला पावणेदोन, चौथीला एक कोटी, पाचवीला 50 लाख, अशी साधारण उतरंड होती. म्हणजे पाचही राखल्या की सव्वानऊ कोटी तिथेच संपले!

आता मुंबईचं घर बघा. त्यांनी पाचही राखल्या. सगळ्यात वरची रक्कम कप्तान हरमनप्रीतला नाही, इंग्लंडच्या नॅट सिव्हर-ब्रंटला. हरमनप्रीत दुसरी, अडीच कोटींवर. आपल्याकडे असं झालं असतं तर घरात महिनाभर अबोला! पुढे लिलावात त्यांनी आपलीच सोडलेली न्यूझीलंडची अमेलिया कर 3 कोटींना परत आणली. हाती राहिलेल्या पावणेतीन कोटींत बाकीचा संघ उभा करायचा होता. लग्नघरात दागिन्यांवर सगळा पैसा गेला की वरातीच्या जेवणात जशी काटकसर सुरू होते, तसंच.

दिल्लीनं वेगळा मार्ग धरला. जेमिमा रॉड्रिग्ज, शफाली वर्मा, ॲनाबेल सदरलंड आणि मारिझान काप, चौघींना सारखे 2 कोटी 20 लाख. सगळ्या सुनांना एकाच किमतीची साडी आणणाऱ्या शहाण्या सासूसारखं! मात्र ज्या मेग लॅनिंगनं त्यांना तिन्ही वर्षं अंतिम सामन्यापर्यंत नेलं, तिला त्यांनी सोडलं. तिन्ही अंतिम सामने हरले होते, हेही खरंच. लॅनिंगला उत्तर प्रदेशच्या संघानं 1 कोटी 90 लाखांना उचललं.

या उत्तर प्रदेशचीच गोष्ट मला सगळ्यात जास्त चटका लावून गेली. 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू दीप्ती शर्मा. अंतिम सामन्यात अर्धशतक, वर पाच बळी. आणि त्याच आठवड्यात तिच्या संघानं राखलेल्या नावांच्या यादीत तिचं नावच नाही! त्यांनी फक्त श्वेता सेहरावतला ठेवलं, 50 लाखांवर. बाकी साडेचौदा कोटी खिशात घेऊन ते बाजारात उतरले.

लिलावात दीप्तीचं नाव पुकारलं. दिल्लीनं 50 लाखांची पहिली बोली लावली आणि पुढे कोणी हातच वर करेना. तेव्हा उत्तर प्रदेशनं 'राइट टू मॅच'चं कार्ड काढलं. म्हणजे, जुन्या संघाला तेवढीच किंमत देऊन आपली खेळाडू परत घेण्याचा हक्क. पण समोरच्याला एकदा बोली वाढवायची मुभा असते. दिल्लीनं ती एकदम 3 कोटी 20 लाखांवर नेली. उत्तर प्रदेशनं तेवढे मोजले. राखली असती तर साडेतीन कोटी लागले असते, म्हणजे 30 लाख वाचले. व्यवहार पक्का! पण त्या तीन आठवड्यांत त्या मुलीच्या मनात काय चाललं असेल, याची नोंद कोणत्याच वहीत नसते.

पैसा जास्त उरला की काय होतं, तेही याच संघात दिसलं. गोव्याकडून खेळणारी शिखा पांडे, एकेकाळची हवाई दलातली अधिकारी, वय 36. 2023 मध्ये दिल्लीनं तिला 60 लाखांना घेतलं होतं. आता तिला मिळाले 2 कोटी 40 लाख. अनुभवी भारतीय वेगवान गोलंदाज मोजक्याच, आणि ज्याला हवी त्याच्या पिशवीत पैसे होते. बाजारात भाव मालाच्या टंचाईवर ठरतो, हे तेंदूच्या हंगामात राबणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको.

आणि हे काही एकट्या क्रिकेटचं नाही. अमेरिकेत बायकांच्या बास्केटबॉल लीगमध्ये संघात जेमतेम बारा जणींना जागा. एप्रिलमध्ये वाजतगाजत निवडलेल्या मुलींपैकी कितीतरी जणींना मे महिन्यात हंगाम सुरू व्हायच्या आत घरी पाठवतात. आपल्याकडे 27 नोव्हेंबरला 73 जागांसाठी 277 नावं होती. त्यात भारतीय मुलींसाठी जागा 50.

त्या पन्नासात विदर्भाच्या मुली किती? फार नाहीत. 2023 मध्ये बेंगळुरूनं अमरावतीची दिशा कासट आणि विदर्भाकडूनच खेळणारी कोमल झंझाड यांना घेतलं. कोमलला एका हंगामानंतर सोडलं, दिशाला दुसऱ्यानंतर. आपल्या जिल्ह्यांतल्या मुलीला तर आधी नागपूर गाठावं लागतं, कारण विदर्भाच्या सगळ्या जिल्ह्यांचा कारभार तिथूनच चालतो. चंद्रपूरहून जाणं-येणं म्हणजे पूर्ण दिवस मोडतो. सिरोंच्याच्या पोरीला नुसतं गडचिरोलीला यायला दोनशे किलोमीटर पडतात!

अमरावतीची भारती फुलमाळी मात्र लक्षात ठेवा. मार्च 2019 मध्ये ती भारताकडून इंग्लंडविरुद्ध दोन टी-ट्वेंटी सामने खेळली आणि मग संघाबाहेर गेली. वर्षं गेली. विदर्भाकडून खेळत राहिली. पुढे गुजरातच्या संघात आली. मार्च 2025 मध्ये मुंबईविरुद्ध गुजरातची फलंदाजी कोलमडलेली असताना तिनं 25 चेंडूंत 61 धावा ठोकल्या. सामना 9 धावांनी गेला, पण ती खेळी संघ विसरला नाही. लिलावाआधी गुजरातनं फक्त दोघी परदेशी राखल्या होत्या, भारतीला सोडलं होतं. पण दुसऱ्या संघानं बोली लावताच कार्ड काढून 70 लाखांना परत घेतलं. त्याच संघाची काश्वी गौतम 2023 च्या डिसेंबरात 2 कोटींना आली होती आणि दुखापतीनं पुढचा अख्खा हंगाम बसून होती. तेव्हा तिला ठेवलं. आता परत घेतली ती 65 लाखांना. एकीचा भाव चढला, एकीचा उतरला, दोघी आज एकाच ड्रेसिंग रूममध्ये.

हे सगळं एसटीत सांगायला वेळ कुठला? भारतीचं तेवढं सांगितलं. सहा वर्षं बाहेर होती म्हटल्यावर त्या आईनं विचारलं, "सहा वर्षं खेळतच होती?"

"हो."

"घरचे काही म्हणत नव्हते?"

ते मला ठाऊक नव्हतं. वर्धा रोडची गर्दी सुरू झाली होती. पोरगी उठून रॅकवरची बॅग ओढायला लागली, तशी आई म्हणाली, "थांब, हळू काढ. तुटन."