विश्लेषण : केडगावचा महामार्ग हा आरोग्याचा प्रश्न का?
अहिल्यानगरचे उपनगर असलेले केडगाव नगर-पुणे महामार्गालगत वाढले. ट्रकचालकासाठी तो महामार्ग, तर रहिवाशांसाठी दाराबाहेरचा रस्ता. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांची त्यात भर पडते. अशा रस्त्याची आखणी केवळ बांधकामाची बाब राहत नाही.

अपघाताचा आरोग्याशी संबंध काय?
२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. महाराष्ट्रात १५ हजार २२४ जणांचा. साथ आली की डॉक्टर रुग्ण कुठे, केव्हा आणि कशामुळे वाढले हे शोधतात. अमेरिकेतील डॉक्टर विल्यम हॅडन यांनी हीच पद्धत अपघातांना लावली. माणूस, वाहन आणि रस्ता यांची अपघातापूर्वीची, अपघातावेळची व नंतरची स्थिती तपासायची. चूक चालकाची असली, तरी ती जिवावर बेतेल का, हे बरेचदा रस्ता ठरवतो.

वेगाने किती फरक पडतो?
ताशी ६० किमी वेगाचे वाहन ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ३० किमी वेगाचे सुमारे ८ मीटर. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार, सरासरी वेग १ टक्का वाढल्यास जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो.

‘ब्लॅक स्पॉट’ कसा ठरतो?
राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू, हा केंद्राचा निकष. अडचण अशी की, माणसे दगावल्यावर वा गंभीर जखमी झाल्यावरच तो लागू होतो. म्हणून पोलिसांच्या नोंदींसोबत रुग्णालयांतील जखमींच्या नोंदीही पाहाव्या लागतात.

राज्यात असा प्रयोग झाला आहे?
मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जणांचा मृत्यू झाला होता. त्याच वर्षी सेव्ह लाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी धोक्याच्या जागांची दुरुस्ती, वेगावर नजर आणि जखमींना लवकर मदत यांवर एकत्र काम सुरू केले. टाळेबंदीपूर्वीच्या २०१९ मध्ये मृत्यू ९२ वर आले.

केडगावात काय करता येईल?
द्रुतगती मार्गावर पादचारी नसतात, इथे असतात. त्यामुळे उपाय वेगळे, पद्धत मात्र तीच. लोक प्रत्यक्ष कुठून रस्ता ओलांडतात, हे आधी मोजायचे आणि तिथेच सुरक्षित वाट द्यायची. नुसता दुभाजक बंद केला, तर दुचाकीस्वार उलट दिशेने येऊ लागतात. वस्तीत शिरण्यापूर्वीच वाहनांचा वेग कमी करायचा, थांब्यांवर उजेड ठेवायचा. वर्षभराने जखमी आणि मृतांची संख्या पुन्हा मोजायची. ती मोजणी झाली नाही, तर औषध लागू पडले की नाही, हे कळणारच नाही.