वसईतले लग्न, टोरंटोतली पहाट

कॅथॉलिक विवाहाला पाहुणे किती असावेत याचा नियम नाही. साक्षीदार किती हवेत याचा आहे. वधू-वर, विवाह लावण्याचा अधिकार असलेले धर्मगुरू आणि 2 साक्षीदार हजर असले की विधी पूर्ण होतो. साक्षीदार मात्र चर्चमध्येच हवेत, पडद्यावरचे चालत नाहीत. म्हणून वसईतल्या घराची यादी या दोघांपासून सुरू व्हावी. आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात असलेल्या नातलगांसाठी थेट प्रक्षेपण असते. 2020च्या टाळेबंदीत पाहुण्यांवर 50ची मर्यादा आली, तेव्हा कित्येक घरांनी हाच मार्ग धरला.

हॉलआधी फादरांना भेटावे. बाप्तिस्म्याचे ताजे दाखले, विवाहपूर्व शिबिर, रविवारच्या मिस्सेतले पुकार यांत काही महिने जातात. उपवासकाळात लग्ने सहसा टाळतात. प्रक्षेपणाची परवानगीही फादरांच्या या भेटीतच मागावी.

मग वेळ. जानेवारीत वसईत दुपारी 4.30ला मिस्सा सुरू झाली, तर कुवेतमध्ये 2, लंडनमध्ये सकाळचे 11, टोरंटोत पहाटेचे 6 आणि मेलबर्नमध्ये रात्रीचे 10 वाजलेले असतात. संध्याकाळची मिस्सा मेलबर्नच्या मावशीला मध्यरात्रीपर्यंत जागवते. वारही पाहावा: शनिवारी कुवेत आणि दुबई दोन्हीकडे सुटी असते, रविवारी कुवेतमध्ये कामाचा दिवस.

खर्च करायचा तो आवाजावर. चित्र थोडे अंधुक चालेल, पण वधू-वरांची संमती ऐकू आली नाही तर दूरच्या माणसाच्या पदरी काय पडले? उंच छताच्या चर्चमध्ये मोबाइलचा माइक नुसता घुमतो. चर्चच्या मिक्सरवरून थेट वायर घ्यावी. संमती वाचने आणि प्रवचनानंतर येते. झूमची मोफत बैठक 40 मिनिटांनी बंद पडते, म्हणजे नेमक्या त्याच सुमारास धोका. यूट्यूबवर ती अडचण नाही, मात्र नव्या खात्यावर थेट प्रक्षेपण सुरू व्हायला 24 तास लागू शकतात आणि मोबाइलवरून करायचे तर किमान 50 सबस्क्रायबर लागतात. प्रक्षेपण ‘अनलिस्टेड’ ठेवले की ते शोधात दिसत नाही, पण लिंक हाती आलेल्या कुणालाही पाहता येते. त्याच वेळी कॅमेऱ्यातही चित्रण चालू ठेवावे, कारण नेट ऐनवेळी दगा देते.

आदल्या रात्रीचे उंबराचे पाणी, म्हणजे विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणण्याचा विधी, अनेकांच्या ध्यानातून सुटते. बँड, विहीर, आत्या-मावश्यांची गाणी: परदेशातल्या माणसाचा जीव खरा तिथेच अडकलेला असतो. तिथे कॅमेरावाला नको; व्हिडिओ कॉल लावलेला एक फोन हातोहात फिरवावा, म्हणजे टोरंटोतल्या काकीलाही गाण्यात सूर मिसळता येतो.