निघणाऱ्याने थकबाकी द्यावी काय?

समजा, दिग्रसच्या तिघा कारागिरांनी मिळून फर्निचरचा कारखाना काढला आहे. सागवान उधारीवर आणले, मशीन कर्जाने घेतले, दोन माणसे पगारावर ठेवली. चौथ्या वर्षी एक भागीदार म्हणतो, "मी आजपासून वेगळा. देणे तुमचे तुम्ही पाहा." उरलेले दोघे म्हणतात, "लाकूड आले तेव्हा तू होतास, नफा वाटला तेव्हाही होतास. आधी हिशेब, मग वाट मोकळी." या भांडणात लाकूडवाल्या व्यापाऱ्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

हाच वाद देशादेशांतही होतो. ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायचे ठरविले तेव्हा दोन्ही पक्ष कितीतरी महिने याच एका मुद्द्यावर अडून बसले होते. वाद अब्जावधी पौंडांचा असला तरी त्यातील तत्त्व आपल्या पेढीच्या खातेवहीतलेच आहे. म्हणून आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी तो समजून घ्यावा.

भागीदारीचा कायदा काय सांगतो?

आपल्याकडे 1932 चा भारतीय भागीदारी कायदा आहे. त्यानुसार भागीदार निवृत्त होऊ शकतो, पण तो असताना पेढीने जे देणे केले त्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. त्यातून सुटायचे असेल तर केवळ उरलेल्या भागीदारांची संमती पुरत नाही, ज्याचे पैसे येणे आहेत त्या व्यापाऱ्याचीही संमती लागते. इतकेच नव्हे, तर निघाल्याची जाहीर सूचना दिली नाही तर नंतरच्या देण्यातही तो अडकू शकतो. नोंदणीकृत पेढीसाठी ही सूचना रजिस्ट्रारकडे, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या स्थानिक भाषेतील वर्तमानपत्रात द्यावी लागते.

याच कायद्याची दुसरी बाजूही आहे. निघणाऱ्याचा हिश्शाचा हिशेब न करता उरलेल्यांनी धंदा चालू ठेवला, तर आपल्या हिश्शावर झालेला नफा किंवा सालीना 6 टक्के व्याज, यांपैकी एक मागण्याचा हक्क त्याला असतो. म्हणजे हिशेब दोन्ही बाजूंनी होतो. देणे त्याच्यासोबत जाते, तसे येणेही जाते.

सहकारी संस्थेतही असेच आहे. महाराष्ट्राच्या 1960 च्या सहकार कायद्याप्रमाणे सभासदाने संस्था सोडली तरी त्या तारखेला संस्थेवर जे कर्ज होते, त्याबाबतची त्याची जबाबदारी दोन वर्षे चालू राहते. विणकर किंवा चर्मकार संस्थेचा राजीनामा देताना ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते.

ब्रिटनचा हिशेब

23 जून 2016 रोजी ब्रिटनच्या जनतेने युनियन सोडण्याच्या बाजूने कौल दिला. युरोपचे म्हणणे असे की, 2014 ते 2020 या सात वर्षांच्या खर्चाचा आराखडा ब्रिटनच्या संमतीने ठरला आहे. रस्ते, शेती, संशोधन यांच्या कामांना मंजुरी देताना ब्रिटनने मत दिले होते. कर्मचाऱ्यांनी ब्रिटन सभासद असताना नोकरी केली, तेव्हा त्यांच्या निवृत्तिवेतनात त्याचाही वाटा आहे. सुरुवातीला 60 अब्ज युरोच्या आसपासचे आकडे बोलले जात होते.

ब्रिटनमध्ये उलट सूर निघाला. मार्च 2017 मध्ये तेथील वरिष्ठ सभागृहाच्या एका समितीने मत दिले की, करार न होता बाहेर पडल्यास युनियनचे नियमच ब्रिटनला लागू राहणार नाहीत आणि मग काही देण्याची कायदेशीर सक्ती उरणार नाही. मात्र त्याच समितीने हेही बजावले की पैसे न देता गेल्यास पुढचे संबंध बिघडतील. कायद्याची पळवाट असली तरी बाजारातली पत वेगळी, हे त्यांनाही कळत होते.

अखेर 8 डिसेंबर 2017 रोजी तडजोड झाली. एकदम मोठी रक्कम मोजण्याऐवजी कोणकोणत्या बाबी धरायच्या आणि त्या कशा मोजायच्या, याची पद्धत आधी ठरली. त्या पद्धतीने ब्रिटिश सरकारने देण्याचा अंदाज 35 ते 39 अब्ज पौंड केला. 2020 अखेरपर्यंत सभासदाप्रमाणे वर्गणी, आधी मंजूर केलेल्या कामांतील वाटा आणि निवृत्तिवेतनातील वाटा हे देण्याच्या बाजूला. येण्याच्या बाजूला युरोपियन गुंतवणूक बँकेत ब्रिटनने भरलेले सुमारे साडेतीन अब्ज युरोचे भांडवल, जे बारा वार्षिक हप्त्यांत परत करायचे ठरले. 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन बाहेर पडले. निवृत्तिवेतनासारख्या रकमा पुढे अनेक वर्षे, जसजशा देय होतील तसतशा द्यायच्या आहेत.

न देता जाणारेही असतात

आंतरराष्ट्रीय कराराचा कायदाही हेच मानतो. 1969 च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे करार संपला तरी तो चालू असताना निर्माण झालेले हक्क व देणी संपत नाहीत. त्याही आधी राष्ट्रसंघाच्या सनदेत दोन वर्षांची नोटीस आणि सर्व आंतरराष्ट्रीय जबाबदाऱ्या पूर्ण करूनच बाहेर, अशी अट होती.

पण अट लिहिली म्हणजे पैसे आलेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेत शिरताना 1948 मध्ये अमेरिकेने एक वर्षाच्या नोटिशीने निघण्याचा हक्क राखून ठेवला आणि चालू वर्षाचे देणे पूर्ण करण्याची अटही स्वतःच मान्य केली. जानेवारी 2025 मध्ये तिने नोटीस दिली. वर्ष संपले तेव्हा 2024 आणि 2025 ची सुमारे 26 कोटी डॉलरची वर्गणी थकलेलीच होती. देशाच्या दारावर जप्ती घेऊन जाणारा बेलिफ नसतो. युनेस्कोचा अनुभव मात्र वेगळा. 2011 पासून अमेरिकेने तेथील वर्गणी थांबविली, 2018 अखेर ती बाहेर पडली आणि 2023 मध्ये परत आली, तेव्हा सुमारे 61.9 कोटी डॉलरची जुनी थकबाकी फेडण्याचे कबूल करूनच आली. ज्याला पुन्हा त्या दारात यायचे असते, त्याला जुनी वही उघडावी लागते.

1947 ची वाटणी

आपल्या देशानेही असा हिशेब पाहिला आहे. फाळणीच्या वेळी अविभाजित हिंदुस्थानच्या तिजोरीतील सुमारे 400 कोटी रुपयांपैकी 75 कोटी पाकिस्तानचे ठरले. 20 कोटी आधी दिले गेले. उरलेले 55 कोटी काश्मीरच्या लढाईमुळे रोखले गेले. जानेवारी 1948 मध्ये, महात्मा गांधींचे उपोषण चालू असताना, ते देण्याचा निर्णय झाला. रक्कम ठरलेली होती, ती दुसऱ्या भांडणापोटी अडवू नये, असे गांधीजींचे मत होते.

कर्जाची बाब त्याहून शिकण्यासारखी आहे. जुन्या सरकारच्या रोख्यांत ज्यांनी पैसे गुंतविले होते, त्यांनी दोन दारांवर खेटे घालू नयेत म्हणून सारे कर्ज भारताने आपल्या डोक्यावर घेतले. पाकिस्तानने आपला वाटा 50 वार्षिक हप्त्यांत भारताला द्यावा असे ठरले. सावकार सुरक्षित राहिला, वाद फक्त दोघांत उरला. तो वाद मात्र मिटला नाही. भारताच्या अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत पाकिस्तानकडून 300 कोटींचे येणे वर्षानुवर्षे दाखविले गेले आणि पाकिस्तानच्या स्टेट बँकेच्या ताळेबंदात रिझर्व्ह बँकेकडे अडकलेली आपली मालमत्ता दाखविली गेली. दोघांच्या वह्यांत येणेच आहे, देणे कोणाच्याच वहीत नाही.

आकडा कोणी ठरवायचा?

देणे द्यावे हे तर ठरले. पण किती, हे कोणी सांगायचे? याचे उत्तर शोधायला युरोपात जावे लागत नाही. आपला यवतमाळ जिल्हा ज्या वऱ्हाडात येतो, तो सारा मुलूख एके काळी थकबाकीपोटी गहाण पडला होता.

निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, खर्च निजामाचा. खर्च थकला, ईस्ट इंडिया कंपनीने स्वतःच पैसे घातले आणि ते निजामाच्या नावे मांडले. बाकी चाळीस लाखांवर गेली. 21 मे 1853 च्या तहाने निजाम नासिरुद्दौला यांना वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात द्यावे लागले. निजामाचेही उलट येणे होते. सिकंदराबाद व जालना येथील छावण्यांच्या अबकारीचे उत्पन्न कंपनीने कित्येक वर्षे स्वतःकडे ठेवले होते. ते वजा घातले गेले नाही. ते धरले असते तर फारसे देणे उरले नसते, असे पुढे खुद्द इंग्रज रेसिडेंट डेव्हिडसन यांनी मान्य केले.

1853 च्या तहात वऱ्हाडाच्या जमाखर्चाचा हिशेब दरसाल निजामाला दाखविण्याचे कलम होते. 1860 च्या तहात 50 लाखांचे कर्ज सोडून देण्यात आले, काही मुलूखही परत मिळाला, पण हिशेब मागण्याचा हक्क निजामाने गमावला. कर्ज सुटले, गहाण सुटले नाही. 1902 मध्ये सालीना 25 लाखांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेले. पुढे ती फौज हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली, तरीही वऱ्हाड परत गेले नाही. बलवानाने एकट्याने केलेला हिशेब असा असतो.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्याचे आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी यवतमाळसह विदर्भाचे आठ जिल्हे जुन्या मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले. त्या वेळी संसदेने केलेल्या कायद्यात रोकड, जमीन, कर्ज आणि थकीत करांची वाटणी कशी व्हावी हे आधीच लिहिले होते. जमीन ज्या राज्यात, तिचा थकलेला सारा वसूल करण्याचा हक्क त्या राज्याचा. राज्य बदलले, पण जिल्हा कोणाकडे गहाण पडला नाही.

आपण काय घ्यावे?

आमचे उत्तर असे: निघणाऱ्याने तो असताना झालेले देणे द्यावे, पुढचे देऊ नये, आणि आपले येणे वजा करून घ्यावे. आकडा मात्र दोघांनी मिळून किंवा तिसऱ्या विश्वासू माणसाकडून ठरवावा. भागीदारी करणाऱ्या बांधवांनी यासाठी चार गोष्टी पाळाव्यात.

1. भागीदारीच्या दस्तातच निघण्याची पद्धत लिहावी: नोटीस किती दिवसांची, माल व यंत्राची किंमत कोण ठरविणार, पैसे किती हप्त्यांत.

2. पेढीची नोंदणी करावी. नोंदणी नसेल तर ग्राहकाकडील उधारीसाठी पेढीला कराराच्या आधारे दावा लावणे अवघड होते.

3. निघताना तारीख घालून ताळेबंद करावा, त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि उधारी देणाऱ्या व्यापाऱ्यांना लेखी कळवावे. जाहीर सूचनेचा खर्च वाचवू नये.

4. वही पाहण्याचा हक्क कोणत्याही सवलतीच्या बदल्यात सोडू नये.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी कुरआनच्या सूरह बकरामध्ये 282 वी आयत आहे. ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. त्यात लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि साक्षीदार असावेत असे सांगितले आहेच, पण मजकूर सांगण्याचे काम ज्याच्यावर देणे आहे त्याला दिले आहे. जो दुबळा, त्याच्या तोंडून आकडा यावा. 1853 मध्ये नेमके याच्या उलट झाले होते.

दिग्रसच्या त्या तिघांनी आज एक तास बसून असा कागद केला, तर लाकूडवाल्याचे पैसे वेळेवर पोहोचतील आणि निघालेला भागीदार उद्या त्याच बाजारात मान वर करून दुसरे दुकान घालू शकेल.