गुलमोहोराचे माहेर

मुलांनो, वैशाखातील एखादी दुपार डोळ्यांसमोर आणा. शाळेला सुटी लागलेली, पटांगण ओस पडलेले, माती तापून निघालेली. आणि कुंपणालगतचा गुलमोहोर तेवढा अंगभर तांबडी फुले मिरवीत उभा. मी पुष्कळ वर्षे एका शाळेत मुख्याध्यापक होतो. ‘आपल्या देशातील एक वृक्ष’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला की निम्मी मुले गुलमोहोरावर लिहीत, आणि मीही ते निबंध शेरा मारून परत देत असे. एके वर्षी एका मुलीने वहीच्या समासात लिहिले, ‘गुरुजी, गुलमोहोर आपला नव्हे. तो मादागास्कर बेटावरून आलेला आहे.’ मी निमूटपणे ग्रंथालयात गेलो, कोश काढला आणि पाहिले. मुलीचे म्हणणे खरे होते!

या वृक्षाचे शास्त्रीय वर्णन प्रथम 1829 साली प्रसिद्ध झाले. पुढे त्याच्या बिया बागांमागून बागा ओलांडीत साऱ्या उष्ण प्रदेशांत पसरल्या. आपल्या अंगणातील सदाफुलीचे माहेरही तेच. 1950 नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांना या सदाफुलीत कर्करोगावरील औषधे सापडली, आणि लहान मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावर त्यांतील एक औषध आजही दिले जाते. ज्या बेटाने आपल्याला सावली दिली आणि औषधही दिले, ते बेट आहे तरी कसे, हे जाणून घ्यावयास नको काय?

जगाच्या नकाशावर आफ्रिका खंडाचा पूर्व किनारा पाहा. तेथून सुमारे 400 किलोमीटर अंतरावर, मोझांबिकच्या सामुद्रधुनीपलीकडे, हिंदी महासागरात डाव्या पायाच्या ठशासारखी एक लांबट आकृती दिसेल. तेच मादागास्कर. आकाराने जगातील चौथे बेट. क्षेत्रफळ सुमारे 5,87,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. अतिप्राचीन काळी भारत आणि मादागास्कर हा एकच भूभाग होता. सुमारे 16 कोटी वर्षांपूर्वी तो आफ्रिकेपासून अलग होऊ लागला, आणि सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी भारतही मादागास्करपासून सुटून उत्तरेकडे सरकू लागला. आज कोकणाच्या किनाऱ्यावर उभे राहून आपण पश्चिमेस पाहतो, त्याच बाजूला कधी काळी हे बेट चिकटलेले होते.

इतका दीर्घ काळ एकाकी राहिल्यामुळे तेथील जीवसृष्टी आपल्याच वाटेने वाढली. तेथील रानात वाघ नाही, हत्ती नाही, आपल्याकडे असतात तसे माकडही नाही. माकडाचे दूरचे भाऊबंद म्हणावेत असे लेमूर मात्र आहेत. त्यांचे पूर्वज फार पुरातन काळी वाहत्या झाडोऱ्यावर बसून आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आले असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात. आज लेमुरांच्या शंभरांहून अधिक जाती या बेटावर आढळतात. त्यांतील सर्वांत लहान मुठीत मावेल एवढा, वजनाने सुमारे 30 ग्रॅम; तर सर्वांत मोठा इंद्री हा 9 किलोपर्यंत भरतो. आय-आय नावाचा एक लेमूर तर विलक्षणच. या बेटावर सुतारपक्षी नाही. त्याचे काम हा निशाचर प्राणी करतो. आपल्या लांब, काडीसारख्या मधल्या बोटाने तो फांदीवर टकटक करतो, मोठ्या कानांनी आवाज ऐकतो, दातांनी लाकूड कोरतो आणि त्याच बोटाने आतील अळी ओढून काढतो. रंग पालटणाऱ्या घोयऱ्या सरड्यांच्याही जगातील जवळजवळ निम्म्या जाती येथेच आहेत. 2021 साली वर्णिलेल्या एका जातीचा नर शेपटीसह जेमतेम 22 मिलिमीटर भरतो. तुमच्या नखावर तो सुखाने बसेल.

हे सारे पाहण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी तेथे जातात. बेटाच्या पूर्व अंगाला समुद्रावरचे वारे अडतात, म्हणून तिकडे सदोदित ओलसर, घनदाट रान आहे. पश्चिम अंग मात्र कोरडे. त्या बाजूस बेमाराहा येथे चुनखडकाचे एक अद्भुत अरण्य आहे. हजारो वर्षे पावसाचे व भूमिगत पाणी खडकात झिरपून त्याचे सुळकेच सुळके बनले आहेत. धार अशी की, अनवाणी पाय ठेवण्याची सोय नाही. त्याला तेथील लोक ‘त्सिंगी’ म्हणतात. चवड्यांवर चालावे लागते ती जागा, असा त्या शब्दाचा अर्थ सांगतात. कमरेला पट्टा आवळून, शिड्यांवरून आणि झुलत्या पुलांवरून वाटाड्याच्या मागोमाग येथे जावे लागते. पावसाळ्यात तर तिकडचा रस्ताच बंद होतो. 1990 साली या प्रदेशाची जागतिक वारशात गणना झाली.

त्याच पश्चिम किनाऱ्याजवळ, मोरोंदावा गावाबाहेर, धुळीच्या रस्त्याच्या दुतर्फा उंचच उंच गोरखचिंचेचे वृक्ष उभे आहेत. मुंबई-वसईकडे दिसणारी आपली गोरखचिंच आफ्रिकेतील. तिच्या सहा बहिणी केवळ मादागास्करात वाढतात. मोरोंदावाचे हे वृक्ष सुमारे 30 मीटर उंचीचे, खांबासारख्या सरळ बुंध्याचे. सूर्यास्ताच्या वेळी त्यांचे चित्र टिपण्यासाठी प्रवाशांची झुंबड उडते. पण मुलांनो, ते चित्र पाहून मला थोडी खंतही वाटते. हे वृक्ष कोणी रस्त्याच्या कडेने लावलेले नाहीत. येथे एके काळी दाट रान होते. शेतीसाठी ते तुटत गेले, आणि हे प्रचंड वृक्ष तेवढे मागे उरले. लोक ज्याची वाहवा करतात, ते एका गेलेल्या रानाचे अवशेष आहेत.

रान तोडणारे ते लोक दुष्ट होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. मालागासी लोकांचे पूर्वज दूरच्या बोर्निओ बेटाकडून नावांतून आले. त्यांच्या भाषेचे मूळ आजही तिकडे सापडते. पुढे आफ्रिकेतूनही लोक येऊन त्यांच्यात मिसळले. भात हे त्यांचे मुख्य अन्न. डोंगरउतारावरील रान तोडावयाचे, वाळले की जाळावयाचे, राखेत भात पेरावयाचा, आणि दोनचार पिकांनी जमीन थकली की पुढच्या रानाकडे वळावयाचे, ही त्यांची जुनी रीत. तिला ते ‘तावी’ म्हणतात. आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर पूर्वी अशीच कुमरीची शेती होत असे. माणसे थोडी आणि रान अफाट होते, तोवर जळालेल्या जागी पुन्हा झाडी वाढे. आता माणसे वाढली, आणि जमिनीला तेवढी विश्रांती मिळत नाही. उघडी पडलेली तांबडी माती पावसाने वाहून नद्यांना मिळते. बेत्सिबोका नदीचे ते लाल पाणी अंतराळवीरांनाही वरून दिसले आहे. घरात तांदूळ नसलेल्या शेतकऱ्याला ‘रान तोडू नकोस’ असे सांगणे सोपे. पण मग त्याने खावे काय, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे एक उत्तर शोधण्याचा प्रयत्न रानोमाफाना येथे झाला. रानोमाफाना म्हणजे ऊन पाणी. गरम पाण्याच्या झऱ्यांवरून कोकणातल्या एका गावाला जसे उन्हवरे हे नाव पडले, तसेच हे. 1986 साली पॅट्रिशिया राइट या अमेरिकन विदुषीला व तिच्या सहकाऱ्यांना तेथील रानात सोनेरी रंगाचा, विज्ञानाला तोवर अपरिचित असा लेमूर आढळला. तो बांबूचे कोंब खातो, आणि त्या कोंबांत दुसऱ्या प्राण्याचा जीव घेईल इतके विष असते. त्याच्या रक्षणासाठी 1991 साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. उद्यान झाले म्हणजे गावकऱ्यांना रान बंद झाले. म्हणून प्रवाशांकडून घेतल्या जाणाऱ्या प्रवेशशुल्काचा अर्धा भाग भोवतालच्या गावांसाठी वापरावा, असे आरंभी ठरले. स्थानिक वाटाड्याला बरोबर घेतल्यावाचून उद्यानात पाऊल टाकता येत नाही, हाही नियम. पूर्वी रानात लाकूड तोडणारी काही माणसे अशा रीतीने प्रवाशांना रान दाखवू लागली. सगळ्या गावांना सारखाच लाभ झाला असे नाही. रस्त्यालगतच्या गावाला अधिक मिळाले, डोंगराआडच्या वस्तीला फार थोडे; हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

मला विशेष कौतुक वाटते ते आंजा गावाचे. दक्षिणेकडे आंबालावाव या शहराजवळ मोठमोठ्या शिळांच्या पायथ्याशी रानाचा एक लहानसा तुकडा शिल्लक आहे. विस्तार अवघा 30 हेक्टरच्या आसपास. त्यात काळ्या-पांढऱ्या वलयांच्या शेपटीचे लेमूर राहतात. सकाळी ऊन आले की ते पोट सूर्याकडे करून, हात पसरून, ध्यानस्थ बसल्यासारखे बसतात. 2001 साली गावकऱ्यांनीच एकत्र येऊन हा तुकडा राखावयाचे ठरविले. सरकारी पहारेकरी नाही की परदेशी व्यवस्थापक नाही. वाटाडे गावचे, राखणदार गावचे, तिकीट फाडणारेही गावचे. आलेल्या पैशातून त्यांनी शाळेला मदत केली, रोपवाटिका उभारली, मोकळ्या टेकडीवर झाडे लावली. 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने दिला जाणारा ‘इक्वेटर’ पुरस्कार या गावाच्या संस्थेला मिळाला. येथे जिवंत लेमूर आणि उभे झाड यांच्यावर गावाची मिळकत अवलंबून आहे. म्हणून कुऱ्हाड घेऊन कोणी आलाच तर त्याला अडविणारे पुष्कळ असतात. निसर्गपर्यटन असे जे म्हणतात, ते हेच.

तथापि ही मिळकत पाहुण्यांवर विसंबलेली, हे विसरून चालत नाही. 2009 साली राजधानी आंतानानारिव्होत सत्तापालट झाला. कारभार ढासळला, प्रवासी येईनात. आणि ईशान्येकडील मारोजेजी व मासोआला या उद्यानांत शिसवाच्या जातीच्या मौल्यवान वृक्षांची बेसुमार चोरटी तोड झाली. पूर्वेकडील या वर्षावनांना 2007 साली जागतिक वारशाचा मान मिळाला होता. तीनच वर्षांत, 2010 साली, त्यांचे नाव धोक्यात आलेल्या वारशांच्या यादीत घालावे लागले. ते त्या यादीतून निघावयास 2025 साल उजाडले. मध्यंतरी 2020 साली साथीच्या रोगामुळे देशाच्या सीमा बंद झाल्या, आणि वाटाड्यांना पुष्कळ महिने रिकाम्या हातांनी बसावे लागले. शिवाय सारेच प्रवासी शहाणे असतात असेही नाही. कोणी लेमुराला केळे दाखवून खांद्यावर बसवून घेतात, कोणी झोपलेल्या प्राण्याच्या डोळ्यांवर प्रकाशाचा झोत टाकतात. असा पाहुणा न आलेलाच बरा.

कायद्याहून जुना असा एक पहारा मात्र या बेटावर आहे. अमुक करू नये, अशा तेथील निषेधांना ‘फादी’ म्हणतात. इंद्रीविषयी अशी कथा सांगतात : एक माणूस मधासाठी उंच झाडावर चढला. माश्या खवळल्या, त्याचा हात सुटला. पण तो खाली पडत असता एका इंद्रीने त्याला झेलले. तेव्हापासून इंद्रीला मारावयाचे नाही, असा नेम झाला. लोक त्याला आदराने ‘बाबाकुतू’ म्हणतात. बिचाऱ्या आय-आयच्या वाट्याला मात्र उलटा समज आला. तो दिसणे अशुभ, असे मानून पुष्कळ ठिकाणी त्याला ठार मारीत. आणि इंद्रीचा नेमही भुकेपुढे व परगावाहून आलेल्या माणसांपुढे सर्वत्र टिकला नाही. दोनतीन वर्षांनी एकदा, एकच पिल्लू होणारा हा प्राणी आज अतिशय संकटात आहे. पिंजऱ्यात तो जगत नाही. त्याला पाहावयाचे तर त्याच्याच रानात गेले पाहिजे.

राजधानीच्या पूर्वेस सुमारे 150 किलोमीटरवर आंदासिबे नावाचे गाव आहे. तेथील प्रवासी पहाटे उठून वाटाड्याबरोबर धुक्यातून रानात शिरतात. वाटेत सरडे दिसतात, बुंध्यांवर आमरे फुललेली दिसतात. पण वाटाड्या तेथे फारसा रेंगाळत नाही. एका ठिकाणी तो हात वर करतो आणि सारे उभे राहतात. बोलणे थांबते. थोड्या वेळाने माथ्यावरच्या फांद्यांतून एक आवाज उठतो. लांबलचक, शंखाच्या नादासारखा, हळूहळू खाली उतरत जाणारा. एक इंद्री आरंभ करतो, कुटुंबातील बाकीचे त्याला साथ देतात. दोन किलोमीटरांपलीकडेही तो ऐकू जातो. मग आवाज थांबतो, आणि वाटाड्या बोट तोंडावर ठेवून अजून थांबण्याची खूण करतो. कारण पलीकडच्या डोंगरावरून दुसरे कुटुंब आता उत्तर देणार असते.